दूरचा सहाध्यायी

१८७७ साली नरेंद्रनाथ दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा कलकत्त्याहून रायपूरला आला. तेव्हा या गावाला आगगाडी नव्हती; अखेरचा लांब पल्ला बैलगाडीने काटावा लागला. येथे शाळा सुटली. पण वडिलांकडे येणाऱ्या जाणत्या पाहुण्यांशी होणारा वादसंवाद हेच त्याचे विद्यालय ठरले. पुढे स्वामी विवेकानंद होऊन १८९३ साली तो शिकागोला गेला.

आज रायपूरच्या विद्यार्थ्याला परदेशी सहाध्यायी घरबसल्या भेटू शकतो. दोन देशांतील वर्गांनी संगणकाच्या पडद्यावरून एकच अभ्यास मिळून करावा, ही पद्धत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ साली केंद्र स्थापून पुढे नेली. २०२० च्या महामारीत ती जगभर पसरली. यात प्रवासखर्च नाही, व्हिसा नाही. परंतु अडचणी आहेतच. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा येथे रात्रीचे नऊ झालेले असतात. तिकडचा ताजातवाना, इकडचा दमलेला. त्यात इंग्रजीच्या धाकाने हा गप्प बसला, की याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा समज तिकडे सहज होतो.

मग कोणी विचारतो, "तुमच्याकडे भात कसा पिकवितात?" धानाचे कोठार म्हणविणाऱ्या छत्तीसगढातला, पण शहरात वाढलेला विद्यार्थी अडखळतो. उत्तरासाठी त्याला शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते. दूरच्या मित्राने जवळच्या शेताची वाट दाखवावी, हे या देवघेवीचे मोठे फळ होय. मात्र अबोल विद्यार्थ्याला बोलते करणारा आणि बोलक्याला ऐकावयास लावणारा शिक्षक दोन्ही टोकांना हवा.