पडद्यावरची चुरस

नियमित व्यायाम करावा, हें कोणास ठाऊक नाहीं? अडचण ज्ञानाची नसून उत्साहाची आहे. तो उत्साह टिकावा म्हणून व्यायामाला व्हिडिओ-खेळांची जोड देण्यांत आली. १९९८ सालीं जपानांतील कोनामी कंपनीनें बाणांच्या खुणांवर पावलें टाकीत नाचावयाचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ काढला. २००६ सालीं निन्टेन्डोच्या ‘वी स्पोर्ट्‌स’नें दिवाणखान्यांतच हात फिरवून टेनिस खेळावयास लाविलें. बोटांचा खेळ असा सर्वांगाचा झाला. पण खेळ म्हटला कीं गुण आले, आणि गुणांमागोमाग चुरस आली.

ही चुरस हितकर कीं अहितकर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनीं १८९८ सालीं सायकल-शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्यानें घड्याळाशीं झुंजणाऱ्यापेक्षां प्रतिस्पर्ध्यांसह धावणारा अधिक वेगानें जाई. मग त्यांनीं मुलांना गळाची फिरकी फिरवावयास दिली. चुरशींत पुष्कळांचा हात जलद चालला. परंतु कांहीं मुलें बावरून उलट मंदावलीं! ही दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतों.

जर्मनींत ऑटो कोहलर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत निराळा प्रयोग केला. बर्लिनच्या नावाड्यांनीं जोडीनें एकच भार उचलावयाचा. एक थकला कीं दोघांचेंही काम संपावयाचें. तेथें जोडींतील दुबळा गडी, एकट्यानें टिकला असता त्याहून अधिक वेळ टिके. दोघांच्या बळांत माफक अंतर असतांना हा परिणाम विशेष दिसे. मिशिगन स्टेट विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं हेंच तत्त्व व्हिडिओ-खेळांत पारखलें. पडद्यावर थोडा सरस जोडीदार दिसला, तेव्हां विद्यार्थी एकट्यानें व्यायाम करणाऱ्यांपेक्षां अधिक वेळ तग धरून राहिले.

यांतून गृहस्थाश्रमी माणसानें काय घ्यावें? घरांतील गुणफलकावर रोज तळाशीं राहणारा माणूस आधीं हिरमुसतो आणि मग खेळ सोडतो. आणि बहुधा व्यायामाची खरी गरज त्यालाच असते. जिंकणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, पण हरणारा पुन्हां खुर्चींत जाऊन बसला, तर त्या यंत्राचा उपयोग तो काय? म्हणून नातवाला आजोबांचा प्रतिस्पर्धी करूं नका, जोडीदार करा. दोघांचे गुण एकत्र मोजा, आणि तुलना करावयाचीच तर ती आपल्या कालच्या आकड्याशीं करा. चुरस असावी, पण ती माणसाला पटांगणांत आणणारी असावी, पटांगणांतून घालवून देणारी नसावी.