लेथवाले काका

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोलायला सांगितलं होतं. पण पाण्याच्या टाकीपासून कन्व्हेयन्सपर्यंत सगळं अहवालात छापलेलं आहे, ते कृपया वाचावं. मी आज सी विंगच्या तळमजल्यावरच्या लेथवाल्या काकांबद्दल बोलणार आहे. त्यांना जाऊन आठ महिने झाले. नाव घेत नाही, कारण हयात असताना आपल्यापैकी कुणी घेतलं नाही. कुरिअरवालासुद्धा गेटवर "लेथवाले काका कुठे?" असंच विचारायचा.

आधी कबुली देतो. आमची ओळख नोटिशीने झाली, आणि ती नोटीस मी काढली होती. काका कारखान्यात टर्नर होते, आयुष्यभर लोखंड कातलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटं लेथ मशीन आणून मागच्या खोलीत बसवलं आणि लाकडाची पेनं करायला लागले. आवाजाची तक्रार आली. मी नवीन सचिव, अंगात जोर. 'सात दिवसांत मशीन हलवावे' असं लेखी कळवलं.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः उत्तर घेऊन आले. शाईच्या पेनाने लिहिलेलं, चारच ओळींचं. आवाज होतो हे मान्य. मशीनखाली रबर टाकतो. रोज चार ते सहा आणि रविवारी दहा ते एक एवढंच चालवीन. तरी त्रास झाला तर विकून टाकीन. पोच द्यायला मी माझं बॉलपेन काढलं, ते चालेना. त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं. मी सही केली आणि ते पेन तिथेच ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला सह्या फार कराव्या लागतात." पुढच्या अकरा वार्षिक सभांचं इतिवृत्त मी त्याच पेनाने लिहिलं आहे. शंका असेल त्यांनी दप्तर तपासावं.

मग माझं तिथे जाणं सुरू झालं. मला वाटायचं, पेन म्हणजे लाकूड गोल केलं की झालं. तसं नाही हो. पाऊण इंच जाडीचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला आरपार सात मिलिमीटरचं भोक पाडायचं. इथे घाई केली की लाकूड तापतं आणि तडकतं, म्हणून ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झाडायचा. आत पितळेची नळी चिकटवायची. सागवान तेलकट, गोंद नीट धरत नाही, ते आधी थिनरने पुसायचं. मग लेथवर चढवून कातायचं, पॉलिश पेपरचे नंबर चढवत घासायचं, आणि शेवटी फेविक्विकचे पातळ हात देऊन चकाकी आणायची. फणसाचं पेन आधी पिवळंधमक दिसतं आणि वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतं. ते हातात देताना काका बजावायचे, "रंग गेला म्हणून भांडायला येऊ नका, तो आलाय."

राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्याबद्दल ते भरभरून बोलत. १९३२ पासून एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, स्वदेशी पेनं हाताने घडवणारा हा माणूस. त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून आभाराचं पत्र पाठवलं होतं. काका म्हणत, "पत्र राहू द्या, ते पेन बापूंनी वापरलं, हे महत्त्वाचं." स्वतः दिलेल्या पेनांचंही तेच. जिन्यात गाठून विचारायचे, "लिहिताय ना?" शोकेसमध्ये ठेवलंय म्हटलं की चेहरा पडायचा. थोडा जाचच होता तो, खरं सांगायचं तर.

लोक त्यांच्याकडे काय काय घेऊन यायचे! पाळण्याचा दांडा, देवघराची मोडकी कड, गावच्या घराची तुळई. माझी आई गेल्यावर मी तिचं लाटणं घेऊन गेलो. त्यांनी ते हातात फिरवलं, टकटक वाजवून पाहिलं आणि परत दिलं. "हे शाबूत आहे. पोळ्या लाटा." आमच्याकडे अजून त्यावरच लाटतात.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. काकू कुरकुरायच्या, तेव्हा मीही एकदा म्हटलं, निदान सामानाचा खर्च तरी घ्या. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या गावांतल्या, कधी न भेटलेल्या पेन कातणाऱ्यांना ते लाकडाचे तुकडे स्वखर्चाने पाठवत. काका गेल्यावर बंगळूरहून एक तरुण आला. त्याच्याकडे लेथ होतं पण पुढचं सामान घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा काकांनी आपला मँड्रेल, म्हणजे पेन ज्यावर चढवून काततात तो गज, काढून पाठवला होता. नंतर चार महिने काका स्वतः हाताने केलेल्या गजावर काम करत होते. तो गज मी पाहिला होता, विचारलं नव्हतं.

आणखी एक विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर ते म्हणाले, "एका रविवारी या, लाकडं लावून ठेवू, कुणाचं कुठलं ते लिहू. मला आता आठवत नाही." मी येतो म्हटलं. ऑडिट चालू होतं. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी ते दवाखान्यात होते आणि तिथून परत आले नाहीत.

आता कामाचं. त्यांच्या सूनबाईंना लेथ भंगारात द्यायचं नाही, सोसायटीला द्यायचं आहे. काकांकडे शिकलेली तीन मुलं आपल्याकडे आहेत, त्यातला एक आपल्या वॉचमनचा मुलगा. पंपरूमशेजारची खोली रिकामी आहे. ती द्यावी असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. वेळ तीच लिहिली आहे, रोज चार ते सहा, रविवारी दहा ते एक. आवाजाची तक्रार करायची असेल त्यांनी माझ्याकडे करावी, मला अनुभव आहे.

आणि बुटांच्या एका खोक्यात अकरा लाकडं निघाली आहेत. चिठ्ठ्या नाहीत. एकाला हळदीचा डाग आहे, एकाला खिळ्याचं भोक, एकावर लहान मुलाने पेन्सिलीने 'आजी' असं लिहिलं आहे. खोकं कार्यालयात ठेवलं आहे. ज्यांनी दिली असतील त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात येऊन ओळखून घ्यावीत. मी तिथे बसलेला असेन.