मैदानावरची धास्ती



आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले खेळात आहेत. कोणाचा मुलगा तालमीत जातो, कोणाची मुलगी शाळेच्या खो-खो संघात आहे. तालुक्याचे सामने जवळ आले, की चार भाकऱ्या खाणारे पोर अर्ध्या भाकरीवर उठते. रात्री कूस बदलत राहते. सामन्याच्या सकाळी पोट दुखते म्हणून सांगते. आपण म्हणतो, "नाटकं करू नकोस!"

ती नाटके नव्हेत. जोराचे काम समोर आले की शरीर आपोआप तयारीला लागते. काळीज धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. नामांकित पैलवानालाही हे होते. एवढ्याने खेळ बिघडत नाही; उलट अंगात चपळाई येते. खरी धास्ती वेगळी. "हरलो तर घरी काय म्हणतील? सर काय करतील?" हे डोक्यात बसले, की लक्ष खेळावरून उडते. कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात ज्याची नजर दोनदा रेषेबाहेरच्या बापाकडे गेली, त्याची पकड झालीच म्हणून समजा.

काही मुले स्वभावानेच हळवी असतात, हे खरे. पण बरीचशी धास्ती आपण मोठी माणसेच त्यांना देतो. तालमीतल्या पोराचा खुराक महाग. दूध, तूप, बदाम. आईबाप पोटाला चिमटा घेऊन तो पुरवतात, त्यांचे कौतुकच आहे. पण कुस्तीला निघालेल्या पोराला "एवढे बदाम चारले, आता नाक कापू नकोस" असे म्हटले, की ते पोर कर्जाचे गाठोडे पाठीवर घेऊन आखाड्यात उतरते. मग समोरचा गडी त्याला दुप्पट वजनाचा दिसतो.

शिकवणाऱ्यांचेही तेच. चूक झाली की मुलीला सगळ्यांदेखत बाहेर बसवायचे, असा काही ठिकाणी रिवाजच आहे. अशी मुलगी खो मिळाल्यावर झडप घालत नाही. दिशा चुकेल, फाऊल होईल, म्हणून बिचकत पळते. चूक टाळण्याच्या नादात खेळच राहून जातो.

अमेरिकेतल्या स्मिथ, स्मॉल आणि कमिंग या अभ्यासकांनी बास्केटबॉल शिकवणाऱ्यांचा एक वर्ग घेतला. जिंकण्यापेक्षा शिकण्यावर आणि मेहनतीवर भर कसा द्यावा, हे त्यांना सांगितले. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापला. या शिक्षकांच्या हाताखालच्या मुलांची धास्ती हंगाम सरता सरता कमी झाली होती. वर्ग न घेतलेल्या शिक्षकांच्या मुलांची वाढली होती. मुले तशीच, खेळ तोच. फरक शिकवणाऱ्याच्या वागण्यात.

आपल्याकडचे बघा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पदक नाही. तेवढ्यावरून त्यांना कोणी मोडीत काढले असते, तर १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आले असते का?

"मग आम्ही गप्पच बसायचं का?" असे कोणी विचारील. छे! ओरडा, टाळ्या पिटा, पोराचे नाव घ्या. फक्त कडेवरून डाव सांगू नका. वस्तादाने एक सांगितलेले असते, आपण दुसरे सांगतो, आणि पोराचे होते धोबी का कुत्ता. सकाळी पोट दुखले तर म्हणा, "होतं असं. चल, दोन फेऱ्या मारू." फेऱ्या मारताना श्वास सावकाश सोडायला लावा. धास्तीपायी पोराची झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडाले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सामना संपल्यावर "जिंकलास का?" हे पहिल्याने विचारू नका. निकाल कळतोच. "आज काय जमलं?" असे विचारा. एस.टी.त पोराला डुलकी लागली तर लागू द्या. चुका उद्या तालमीत वस्ताद दाखवतील, ते त्यांचे काम आहे.