फाइल आली, पण उघडेना: टेक्स्ट मोड की बायनरी?

आजचा भाग छोटा आहे, पण या विषयाने मला एकदा चांगलाच घाम फोडला होता.

नोकरी नवीन होती. लिनक्स सर्व्हरवरची हिशेबाची झिप फाइल रोज रात्री एफटीपीने ऑफिसातल्या विंडोज मशीनवर आणायची, एवढंच काम. स्क्रिप्ट मीच लिहिली. सकाळी फाइल जागेवर दिसायची, एरर एकही नाही. चार महिन्यांनी सर्व्हरची डिस्क गेली. झिप उघडायला घेतली, तर उघडेना. कालची नाही, परवाची नाही, एकही नाही.

झालं काय होतं? एफटीपीचं १९८५ चं प्रमाणपत्रक, आरएफसी ९५९, फाइल पाठवायचे मुख्य दोन प्रकार देतं. टाइप ए म्हणजे टेक्स्ट, टाइप आय म्हणजे बायनरी. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर टेक्स्ट धरलं जातं. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'बायनरी' ही एक ओळ नव्हती.

लिनक्सवर ओळ संपल्याची खूण एका बाइटची, १०. विंडोजवर दोन बाइट्सची, १३ आणि १०. टेक्स्ट मोड प्रत्येक १० च्या आधी १३ घालतो. मजकुराच्या फाइलला हे सोयीचंच. पण झिपमधला १० म्हणजे ओळीचा शेवट नाही, तो डेटा आहे! कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये साधारण २५६ बाइट्समागे एक १० येतो. म्हणजे एका एमबीत चार हजारांच्या आसपास जास्तीचे बाइट्स घुसले.

ही अडचण इतकी जुनी की पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइट्समध्ये मुद्दाम १३-१० ही जोडी आणि शेवटी एकटा १० ठेवलाय. वाटेत कुणी ओळींशी खेळलं, तर सुरुवातीलाच पकडलं जावं म्हणून.

आता पायथनकडे येऊ. एफटीपी-लिब लायब्ररीत मोड वेगळा सांगावा लागत नाही, तुम्ही कोणतं फंक्शन वापरता त्यावर तो ठरतो. 'रेट्र-बायनरी' स्वतः टाइप आय मागतं आणि बाइट्स जसेच्या तसे देतं. 'रेट्र-लाइन्स' टाइप ए मागतं, बाइट्सचं अक्षरांत रूपांतर करतं आणि ओळीची खूण काढून एकेक ओळ हातात देतं. ती तशीच फाइलमध्ये लिहिलीत, तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात.

आणि आपल्या बाजूची फाइलसुद्धा बायनरीतच उघडा: आणताना 'डब्ल्यू-बी', पाठवताना 'आर-बी'. 'बी' विसरलात तर पायथन ३ टाइप-एरर देऊन तिथेच थांबवतं. मला तेव्हा असं कुणी थांबवलं नाही.

मग निवडायचं कसं? माझा नियम असा: आणायचं नेहमी बायनरीत, सीएसव्ही असली तरी. ओळींच्या खुणा बदलायच्याच असतील तर फाइल हातात आल्यावर आपण बदलू. मूळ प्रत तरी शाबूत राहते. दोन्हीकडचा एसएचए-२५६ चेकसम जुळवा. आणि आठवड्यातून एकदा बॅकअप खरोखर उघडून बघा.

आमच्या अकाउंट्सच्या दोघांनी पुढचे तीन आठवडे कागदी व्हाउचरवरून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या. मला कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं.

तर आज घरी गेल्यावर तुमची जुनी स्क्रिप्ट एकदा उघडा. भेटू पुढच्या भागात.