आधी भिजवा, मग घासा



बदलापूरला कीर्तनसेवेला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथं आदल्या दिवशी नातवाचा वाढदिवस झालेला. मोरीत केकचं भांडं, अ‍ॅल्युमिनियमचं. साखर न्‌ लोणी करपून कडेला डांबरासारखं चिकटलेलं. सूनबाई तारेच्या घासणीनं खसाखसा घासतायत. ओरखडे पडले, डाग काही हलेना!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी भिजव तरी! आणि धुण्याचा सोडा घालू नकोस हं. स्टीलला चालतो, यानं हे काळं पडेल."

गरम पाणी, थोडा साबण, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लाकडी उलथन्यानं नुसतं सरकवलं, खपली निघाली. काळपटपणा उरला, त्यासाठी लिंबाच्या साली घालून पाणी उकळलं. झालं भांडं लख्ख! ओरखडे मात्र राहिले, बरं का.

ते ओरखडे पाहून मला माझंच आठवलं. उल्हासनगरचा एक पोरगा माझ्यामागं टाळ धरायचा. एकदा ठेका चुकला. भर कीर्तनात मी त्याला फाडफाड बोललो. चूक त्याची होती, खरं आहे. पण मी तारेची घासणी घेतली! तो पुन्हा आला नाही.

पैठणच्या नाथमहाराजांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गोदावरीवर स्नान करून यावं, की एक जण अंगावर थुंके. महाराज न बोलता पुन्हा स्नानाला जात. किती वेळा! शेवटी त्यानंच पाय धरले. महाराजांनी त्याला घासलं नाही, शांतीत भिजवलं.

अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंय ना? शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. महादेवाला अभिषेक कसा करतात? घागर उपडी करत नाहीत. धार बारीक, पण अखंड. नामही तसंच घ्यावं. मनावर बसलेला राग, अहंकार वर्षानुवर्षांचा, तो एका दिवसात कसा सुटेल?

बदलापूरहून निघालो तो थेट त्या पोराच्या घरी गेलो. "चुकलो रे बाबा," म्हणालो. त्यानं दारातूनच नमस्कार केला. टाळ काही हातात घेतले नाहीत. मी पुन्हा जाणार आहे. ओरखडा मी पाडलाय, वाटही मीच पाहायची.

तुमच्या घरातही कुणी असं करपलेलं असेल, माउली. आज घासू नका. आधी भिजवा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!