‘डी’ म्हणजे नुसता दिवस

निकालाच्या दिवसाला हल्ली सर्रास ‘डी-डे’ म्हणतात. त्यातला ‘डी’ कशाचा, असं मी विचारलं की ‘डिसिजन’पासून ‘डूम’पर्यंत काहीही सांगितलं जातं. हा ‘डी’ म्हणजे नुसता ‘डे’ या शब्दाचं पहिलं अक्षर. ‘एच-अवर’मधला ‘एच’ही तसाच, ‘अवर’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला.

अमेरिकी सैन्याच्या ७ सप्टेंबर १९१८च्या एका हुकमात ही जोडी आढळते. फ्रान्समध्ये सँ मिएल इथे ‘डी’ दिवशी ‘एच’ वाजता हल्ला करायचा होता. तो झाला १२ सप्टेंबरला.

यामुळे तारीख गुप्त राहते, हे खरंच. पण मला दुसरी सोय अधिक मोलाची वाटते. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजन, नंतर सत्यनारायण. मुहूर्त बदलला तरी क्रम तोच. तसंच ‘डी उणे तीन’, ‘डी अधिक एक’. तारीख सरकली तरी हुकमांची बाडं पुन्हा लिहावी लागत नाहीत.

१९४४ साली नॉर्मंडीत नेमकं हेच झालं. छत्रीधारी सैनिकांना चांदणं हवं होतं आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना पहाटे ओहोटी, म्हणजे शत्रूने रोवलेले अडथळे दिसतील. दोन्ही जुळत होतं ५, ६ आणि ७ जूनला. ठरली ५ तारीख. पण ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग यांनी वादळाचा इशारा दिला आणि जनरल आयझेनहॉवर यांनी बेत एक दिवस पुढे ढकलला. कागदावरचा ‘डी’ जागचा हलला नाही. हाल झाले ते माणसांचे! काही जहाजं निघालीही होती, ती माघारी बोलवावी लागली. दाटीवाटीने बसलेल्या, बोट लागून बेजार झालेल्या सैनिकांना आणखी एक दिवस काढावा लागला. ही संधी हुकली असती तर पुढची भरती-ओहोटी जुळत होती १९ जूनच्या सुमारास, आणि त्याच दिवशी खाडीत मोठं वादळ झालं.

‘एच-अवर’ही एकच नव्हता. भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाते, म्हणून यूटा आणि ओमाहा किनाऱ्यांवर साडेसहा, तर पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर त्यानंतर सुमारे तासाभराने.

पुढे हे नाव नॉर्मंडीलाच इतकं चिकटलं, की फिलिपिन्समधल्या लेते बेटावर २० ऑक्टोबर १९४४ला सैन्य उतरवताना जनरल मॅकआर्थर यांनी त्या दिवसाला ‘ए-डे’ म्हटलं. फ्रेंच लोक मात्र ‘जूर जी’ म्हणतात. ‘जूर’ म्हणजे दिवस, आणि ‘जी’ त्याचंच पहिलं अक्षर.