नकाशावर तांडा यायचा तर

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर रात्री १०८ची गाडी बोलवली, तर चालक आधी विचारतो, "कोणत्या फाट्यावरून आत वळू?" अनेक तांडे स्वतंत्र महसुली गावं नाहीत. कागदोपत्री ते शेजारच्या गावात मोडतात आणि मोबाइलच्या नकाशावर त्या जागी नुसतं शिवार दिसतं. तिथल्या अंगणवाडीची नोंद मात्र सरकारी दप्तरात असते. ती नकाशावर का येत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

लोकांनी मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, कारण तिथल्या सरकारी नकाशांसाठी पैसे मोजावे लागत. त्यात कुणीही रस्ता काढावा, विहीर टिपावी. एक अट मात्र कडक आहे: परवानगीवाचून दुसऱ्याची माहिती उचलायची नाही. २०१२मध्ये या नकाशाचा परवाना बदलला, तेव्हा ज्यांनी संमती दिली नाही त्यांचं काम पुसलं गेलं.

आपण म्हणतो, सरकारी माहिती म्हणजे जनतेचीच. कायदा तसं म्हणत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सरकारी कामाचा हक्क सरकारकडे, तोही प्रकाशनानंतर ६० वर्षं. राजपत्रातला मजकूर छापायला मोकळीक आहे, पण कचेरीतल्या यादीला ती नाही. माहितीच्या अधिकारात यादी हातात पडते; ती नकाशात घालून जगाला वाटायची मुभा त्यासोबत मिळत नाही.

केंद्र सरकारने यावर २०१७ साली खुला परवाना आणला. माहिती वापरा, बदला, धंद्यालाही लावा, फक्त स्रोताचं नाव द्या. व्यक्तिगत माहिती त्यातून वगळली आहे आणि ते फार योग्य झालं. सातबाऱ्यावरची नावं नकाशावर जाता कामा नयेत. पण पांदण रस्त्यात कुणाचं गुपित आहे? जुन्या गावनकाशात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, पायवाट तुटक एकेरी रेषेने. पेरणीच्या तोंडावर याच रेषांवरून तहसीलपर्यंत भांडणं जातात. त्या रेषा सगळ्यांना दिसल्याच पाहिजेत.

म्हणून माझी मागणी अशी: आपल्या जिल्हा परिषदेने आणि सहाही पंचायत समित्यांनी शाळा, अंगणवाड्या, उपकेंद्रं, तांडे यांच्या याद्या एक्सेलमध्ये द्याव्यात, स्कॅन केलेली पानं नकोत. प्रत्येक गावापुढे केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला (एलजीडी) संकेतांक असावा, कारण एकाच नावाची गावं जागोजागी आहेत. आणि खाली सही-शिक्क्यानिशी स्पष्ट लिहावं, की ही माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, त्याच्याच परवान्याखाली, घ्यायला आमची हरकत नाही. पीडीएफ संकेतस्थळावर टाकली की काम झालं, असं समजणाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने या मागणीचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी.